उशीवरचा अर्धा चेहरा

"उशीवर परत अर्धा चेहरा उतरलाय," माझ्याकडे पाठ करून अभ्रा काढता काढता हे पुटपुटले.

आमचे हे बोलत नाहीत, पुटपुटतात. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, लाजत असतील, हळूहळू आवाज फुटेल. तो आजतागायत फुटलेला नाही. बँकेत, दवाखान्यात, गॅसच्या रांगेत, सगळीकडे हे पुटपुटतात, समोरचा माणूस गोंधळून माझ्याकडे बघतो, आणि मग मी मोठ्यानं तेच परत सांगते. लोकांना वाटतं बाई भारी बोलकी आहे. बोलकी कसली, दोघांचं एकटी बोलते.

तर अभ्र्यावर खरंच अर्धा चेहरा होता. बदामी रंगाचा एक गाल, वर चढवलेली एक भुवई आणि ओठाचा कोपरा. रात्री कुणी परकी बाई येऊन झोपून गेली असावी असा. आणि माझा संताप हा, की तो चेहरा माझा नव्हताच. ऑफिसातल्या हजेरीच्या मशीनचा होता. मी नुसती त्याची ने-आण करत होते. सकाळी लावून न्यायचा, संध्याकाळी उतरवायचा. लावायला जगात वाटेल तेवढी माणसं मिळतात. काढायची वेळ आली की बेसिनपाशी आपण एकटे.

पण अशी मधूनच सुरुवात करून चालणार नाही. नीट सांगते.

माझ्या डाव्या डोळ्याखाली पांढरा डाग आहे. सुरुवातीला तिळाएवढा होता, मग त्याला जागा आवडली. आता तो गालावरून निमुळता होत जबड्यापर्यंत उतरलाय आणि वर जाऊन भुवईचं टोकही पांढरं करून आलाय. डॉक्टरांनी त्याचं इंग्रजी नाव सांगितलं आणि म्हणाले, दुखत नाही, दुसऱ्याला होत नाही, औषधं घ्या, नाहीतर मुकाट राहू द्या. घरच्यांनी त्यातलं 'मुकाट' तेवढं ऐकलं. आपल्या भाषेत त्याला चांगलं दोन अक्षरांचं नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. नणंदबाई 'ते उन्हाचं' म्हणतात. ऑफिसातले साहेब 'तुमची तब्येत' म्हणतात. समोरच्या मास्तरीणबाईंनी जन्मभर विज्ञान शिकवलं, पण त्याही 'तुमचं हे' म्हणत स्वतःच्या गालापर्यंत बोट नेतात आणि तिथून बोट वळवून कानातलं चाचपतात. मी म्हणत होते का? मीही नाही. आणि हे तर त्या बाबतीत पुटपुटतसुद्धा नाहीत.

आमच्या वन्संनी, म्हणजे याच नणंदबाईंनी, सगळ्या घराचा एक मोठा फोटो काढायचं मनात घेतलं. स्टुडिओत, मागे पडदा सोडून, खुर्च्या मांडून. फोटोच्या दिवशी माझ्या घरी सकाळीच आल्या, हातात डबी.

"वहिनी, जरा बसा इथं. उजेड सगळ्यांच्या तोंडावर सारखा पडायला हवा ना."

बाकी कुणाच्या तोंडावर उजेड कसा पडतोय याची कुणाला काळजी नव्हती. त्यांच्या यजमानांचं टक्कल दिव्यासारखं चमकतं, तिथं काही लावलं नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे बुटाची नाडी बांधत होते. बूट बिननाडीचे होते.

डबीतलं क्रीम वन्संच्या एका मैत्रिणीकडचं, नाटकातल्या नटांना लावायचं. "घामानं जात नाही, रडून जात नाही. राजा मरून पडदा पडतो तरी रंग हलत नाही," वन्सं कौतुकानं म्हणाल्या आणि माझ्या गालावर भिंतीला लांबी भरतात तसं भरत सुटल्या. मग भुवया काढल्या. त्या जरा वरच गेल्या. फोटोत सगळे हसतायत आणि मी एकटी शेजारच्या घरातली काहीतरी भयंकर बातमी ऐकल्यासारखी उभी आहे.

"वन्सं, हे काढायचं कशानं?"

"साबणानं की. त्यात काय विचारायचं?"

घासून घासून साबण झिजला. राजाचा रंग राजासारखा बसून राहिला. टॉवेल घासला, टॉवेल खराब झाला, गाल आहे तसा. शेवटी दुसऱ्या दिवशी मी तोच चेहरा घेऊन कामावर गेले. आणि नेमक्या त्याच दिवशी ऑफिसात हजेरीचं नवीन मशीन बसवायला कंपनीची माणसं आली. एकेकाला समोर उभं केलं, इकडे बघा, तिकडे बघा, झालं. माझाही चेहरा मशीननं घेतला. बदामी गाल, चढलेल्या भुवया, सगळा.

आता माझं काम काय, तेही सांगायला हवं. मी बसगाड्यांच्या कचेरीत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसते. माणसं बसमध्ये काय विसरतील याला धरबंध नाही. छत्र्या, डबे, चष्मे, एका गृहस्थांची तर कवळी. आमचा एकच नियम आहे. खूण सांगितल्याशिवाय वस्तू द्यायची नाही. आणि खूण सांगताना माणसाच्या जिवावर येतं. "काळी छत्री आहे, चांगली आहे," असंच सगळे म्हणतात. सगळ्याच छत्र्या काळ्या आणि चांगल्या. मी म्हणते, खूण सांगा. मग बराच वेळ इकडे तिकडे बघून, आवाज खाली आणून सांगतात, "दांडी तुटलीय, तिथं मोज्याचं इलॅस्टिक गुंडाळलंय." झालं, ही घ्या तुमची छत्री. वस्तूची खूण म्हणजे बहुतेक वेळा तिची लाजच असते. हे मी रोज जेवताना ह्यांना सांगते आणि हे मान हलवत चावत राहतात. ऐकतात की नाही, कळायला मार्ग नाही.

तर क्रीम चार दिवसांनी आपोआप सुटलं आणि मी माझा स्वतःचा चेहरा घेऊन मशीनसमोर उभी राहिले. आतून मधाळ आवाजाची एक बाई बोलली, "ओळख पटली नाही. कृपया बाजूला व्हा."

मागे रांग. परत उभी राहिले. "कृपया बाजूला व्हा."

"उजेडाचं आहे ताई," हजेरी क्लार्क घाईनं म्हणाला. "सकाळी उजेड तिरका असतो."

"थोडं कोनाचं असावं," साहेब म्हणाले.

मागची टायपिस्ट म्हणाली, झोप झाली नसेल. मला राग आला तो मशीनचा नाही. मशीन निदान तोंडावर बोललं.

"मग माझी हजेरी?" मी विचारलं.

"गैरहजर लागलीय ताई."

"अहो पण मी इथं उभी आहे."

"मला दिसताय हो. मशीनला नाही दिसत."

म्हणजे दिवसभर खिडकीवर छत्र्या देत बसलेली बाई कागदोपत्री घरी होती. चेहरा नव्यानं नोंदवायचा तर तो अधिकार कंपनीचा. साहेबांनी फोन करून कारण सांगायचं, आणि कारणं ठरलेली. अपघात, ऑपरेशन, दाढी.

"दाढी सांगू का?" क्लार्क हळूच म्हणाला. "दाढीचं लगेच होतं."

त्याला मदतच करायची होती. म्हणूनच मी हातातला पेपरवेट खाली ठेवला.

साहेब मात्र मला केबिनमध्ये बोलावून फार गोड बोलले. एवढं गोड साहेब फक्त बदलीच्या वेळी बोलतात. "मॅडम, तोवर तुम्ही आतल्या गोदामात बसा ना. तिथं जुनी सहीची पद्धत चालते. शांत असतं. लोकांचा त्रास नाही."

लोकांचा त्रास मला कधी झाला नव्हता. कुणाला कुणाचा त्रास होत होता ते त्यांनी टेबलावरच्या काचेकडे बघून गिळलं. आमचं गोदाम म्हणजे एक खोली, वर एक दिवा, खिडकी नाही. ज्या वस्तू न्यायला कोणी येत नाही त्या तिथं ठेवतात. खिडकीवरची खुर्ची मी कुणाच्या मेहेरबानीनं मिळवलेली नाही. चौकशी, तक्रारी, शिव्या, सगळं खाऊन तिथं बसलेय. मला आत, त्या कवळीशेजारी, कोणी ठेवणार असेल तर बघतेच म्हटलं. मशीनला तो चेहरा हवाय ना, घे बाबा तो चेहरा.

वन्संकडून डबी मागून आणली. रोज सकाळी मोबाइलवरचा फोटो आरशाला टेकवायचा आणि त्याबरहुकूम तोंड रंगवायचं. गाल भरायचा, भुवया चढवायच्या. एक दिवस भुवया कमी चढल्या तर आतली बाई म्हणाली, बाजूला व्हा. मशीनच्या लेखी मी म्हणजे कायमची दचकलेली बाई. पण हजेरी लागू लागली. साहेब खूश. "बघा, तब्येत सुधारली," म्हणाले.

प्रश्न संध्याकाळचा होता.

मास्तरीणबाईंनी विज्ञान काढलं. "तेलातला रंग तेलानंच सुटतो. साधा नियम आहे." नियम बरोबर होता. तेल चोपडलं, गालावरचा रंग सुटला आणि मानेवर गेला, तिथून कानामागे. डोळ्यात तेल गेलं म्हणून आंधळ्यासारखी दाराची कडी शोधली तर हात कडीवरून घसरला. चष्मा लावला तो नाकावरून सरळ बेसिनमध्ये. बाहेर आले तेव्हा डागासकट सगळं तोंड एकाच रंगाचं झालं होतं, वन्संना हवा होता तो सारखा उजेड अखेर पडला होता.

वन्संनी ओल्या रुमालांचं पाकीट दिलं. "प्रवासात मी हेच वापरते. एक पुसलं की काम झालं." एका रुमालानं एक भुवई निघाली. दुसरी तशीच घेऊन मी दार उघडलं तर दारात पेपरवाला. तो पैसे न मागता गेला आणि अजून आलेला नाही.

मग मी चिडून सरळ प्रसाधनांच्या दुकानात गेले. आयुष्यात पहिल्यांदा. काचेमागे बाटल्याच बाटल्या. काढायच्या वस्तूंचं वेगळं कपाट. पाण्यासारखं पाणी, पण पाणी नव्हे. दुधासारखं दूध, पण दूध नव्हे. मलम, फेस, जेल. लावायला एक डबी पुरते, काढायला कपाट लागतं.

"स्किन टाइप काय तुमचा?" दुकानातल्या बाईंनी विचारलं.

"चिडकी," मी म्हटलं.

त्यांनी वर बघितलं. नजर गालावर आली, थबकली आणि पटकन कपाटाकडे वळली. मग बाई फारच मऊ आवाजात म्हणाल्या, "तुमच्यासाठी ना, मोठी बाटली घेऊ या." सोबत एक मलमाची डबीही दिली. मी दोन्ही घेतलं. रागात माणूस दोन्ही घेतो.

मलम दोन दिवसांतच अर्ध्यावर आलं. चौकशी केली तेव्हा समजलं, ते मलम हे गुडघ्याला चोळत होते. डबीचं झाकण त्यांच्या गुडघ्याच्या मलमासारखं हिरवं.

"अहो, ते तोंडाचा रंग काढायचं आहे."

हे गुडघ्याकडे बघत पुटपुटले, "आराम पडलाय पण. गुडघ्याचा मेकअप उतरला असेल."

मला हसू आलं, पण मी हसले नाही. त्या दिवसांत मी हसणं बंद ठेवलं होतं. हसलं की क्रीमला भेगा पडायच्या.

राहिली बाटली. तिच्यात दोन थर होते, वर निळा, खाली पांढरा. बाटलीवर बारीक अक्षरांत काय काय लिहिलं होतं. आता ते वाचायचं तर चष्मा हवा, आणि तोंड पुसायचं तर चष्मा काढायला हवा. बाटली करणाऱ्यांच्या हे ध्यानात आलेलं दिसत नाही. मी आपली वरचं निळं कापसावर ओतायची आणि घासायची. निळं होतं तोवर बरं चाललं. ते संपलं आणि खालचं पांढरं पाणी उरलं, त्यानं रंग काही निघेना. मग जोर लावला. गाल लाल झाला, मग सोलवटला. डाग बिचारा कधी दुखला नव्हता. दुखायला लागला तो पुसून पुसून.

त्या संध्याकाळी हे बाथरूमच्या दारात आले. त्यांच्या हातात रिकामी होत आलेली बाटली आणि भिंग. पोस्टाची तिकिटं बघायचं ते भिंग ह्यांनी बऱ्याच वर्षांनी बाहेर काढलं होतं.

"हलवून घ्यायचं असतं," हे पुटपुटले. "दोन्ही थर मिसळून. कापूस भिजवायचा, नुसता ठेवायचा, दमानं. घासायचं नाही असं लिहिलंय."

ह्यांच्या तोंडून एका वेळी एवढी वाक्यं मी बाळंतपणानंतर पहिल्यांदाच ऐकली. दुसऱ्या दिवशी हे स्वतः जाऊन तीच बाटली नवी घेऊन आले. मग रोज संध्याकाळी मी बेसिनपाशी आणि हे दारात उभे राहून बाटली हलवतायत, आजारी माणसाचं औषध हलवावं तसे, मन लावून. कापूस भिजवून द्यायचे. मी डोळे मिटून तो गालावर ठेवायची आणि रंग खरोखर न घासता सुटायचा. योग्य बाटली, योग्य रीत. सगळं मिळालं. पण तोवर उशीर झाला होता. गाल उघडा पडला होता, क्रीम लावलं की आग, काढलं की आग.

आणि ह्यांचा मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला माहीत आहे? बाटलीवरचं बारीक अक्षर ह्यांना भिंग लावून वाचता आलं. माझ्या तोंडावर एवढं ठळक लिहिलेलं होतं, त्याबद्दल अवाक्षर नाही.

शेवटच्या त्या रात्री अर्धं तोंड पुसून झालं आणि दुसऱ्या अर्ध्याची इतकी आग झाली की मी कापूस भिंतीवर मारला आणि तशीच जाऊन झोपले. म्हणून सकाळी तो अभ्रा. ह्यांचं पुटपुटणं ऐकलं, उठले, उरलेलं बाटली हलवून, आग सोसत काढलं आणि क्रीमच्या डबीला हात न लावता ऑफिसला निघून गेले.

"ओळख पटली नाही. कृपया बाजूला व्हा."

"होणार नाही," मी म्हटलं आणि तिथंच उभी राहिले.

रांग थांबली. क्लार्क आला, म्हणाला, ताई उजेड. साहेब आले. माझ्या गालाकडे बघून त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि स्वतःचंच तोंड पुसलं.

"मॅडम, आज तुमचं ते... तयारी राहिली का?"

"राहिली नाही. सोडली. कंपनीला फोन लावा."

"आपण गोदामाचं बोललो होतो ना. तिथं खरंच शांत..."

"मी खिडकीवर बसतेय. तुम्ही फोन लावा."

मी जाऊन माझ्या खुर्चीत बसले. साहेबांना कमी ऐकू येतं म्हणून ते फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतात. तो खिडकीशेजारच्या टेबलावर ठेवून ते बोलायला लागले. सगळी कचेरी काम करत असल्याचं दाखवत ऐकत होती. खिडकीबाहेर एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे होते.

"माझी छत्री राहिली बसमध्ये," ते म्हणाले. "काळी आहे. चांगली आहे."

"थांबा जरा," मी म्हटलं.

तेवढ्यात त्यांच्या मागे हे दिसले. घामाघूम. एका हातात क्रीमची डबी, दुसऱ्या हातात बाटली. "घरीच राहिलं," म्हणून पुटपुटले आणि बाटली हलवायला लागले. सवयीनं. बसस्टॉपपासून हलवत आले असावेत, आत सगळा फेस झाला होता. माझं डोकंच फिरलं. जिथं तिथं माझ्यामागं तो चेहरा घेऊन माणसं धावतायत.

फोनमधला कंपनीचा माणूस विचारत होता, "चेहऱ्यात बदल काय झालाय, साहेब? अपघात?"

"छे छे. अपघात नाही."

"ऑपरेशन?"

"ऑपरेशन असं नाही. थोडा उजेडाचा... म्हणजे बाईंची तब्येत..."

"दाढी म्हणा, दाढी," क्लार्क कुजबुजला.

"दाढी," साहेब म्हणाले.

पलीकडून विचारणा झाली, "साहेब, बाई आहेत ना त्या?"

कुणी हसलं नाही. टायपिस्टनं मान खाली घातली. साहेब माझ्याकडे बघत होते, क्लार्क साहेबांकडे, आणि माझ्या गालाकडे कुणीच नाही. "अहो, काहीतरी कारण सांगा," फोन म्हणाला. "कारणाशिवाय चेहरा बदलून देता येत नाही. जुन्याच चेहऱ्यानं यायला सांगा त्यांना."

"काळी आहे," म्हातारे गृहस्थ परत म्हणाले. "चांगली आहे हो छत्री."

"आजोबा, काळी आणि चांगली सगळ्यांचीच असते," मी ओरडले. आवाज माझा मलाच परका वाटला. "खूण सांगा. खूण सांगितल्याशिवाय इथं काही परत मिळत नाही."

बाटली हलायची थांबली. ह्यांनी ती खिडकीच्या फळीवर ठेवली, शेजारी डबी ठेवली. म्हाताऱ्या गृहस्थांना हातानं जरा बाजूला केलं आणि खिडकीतून आत फोनकडे वाकले.

"खूण मी सांगतो," हे म्हणाले. पुटपुटले नाहीत. पार मागच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं. "डाव्या डोळ्याखाली पांढरा डाग आहे. खाली निमुळता होत जबड्यापर्यंत येतो. वर भुवईचं टोक पांढरं. कोड आहे ते. तिला कोड आलंय. चेहरा बदललेला नाही तिचा. तुमच्या मशीनमध्ये आहे तो आम्ही लावलेला आहे, आम्हाला लाज वाटत होती म्हणून. तो तिचा नव्हे. हा तिचा. खूण पटली असेल तर तिला परत द्या."